मिनीडिस्कवरची काटछाट

मागच्या महिन्यात चोपड्याहून भाचेसुनेचा फोन आला. "मामा, तुमच्याकडे आईंचा आवाज आहे म्हणे?"

आई म्हणजे तिची सासू, माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. काही वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये अक्काचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ती खुणांनी बोलते, टाळी वाजवून हाक मारते आणि फारच राग आला तर ताटलीवर चमचा आपटते. भाचेसून शिरपूरची. ती लग्न होऊन आली ऑपरेशननंतर, त्यामुळे सासूचा आवाज तिने कधी ऐकलाच नाही.

"सगळे म्हणतात, मजा आहे तुझी, सासू बोलत नाही," ती म्हणाली. "पण मला ऐकायचंय ना, त्या कशा बोलायच्या. गाणं नाही, बोलणं."

"आहे की! मिनीडिस्कवर दोन तास आहे," मी छातीठोकपणे सांगितलं. मिनीडिस्कचं नाव निघालं की मला असंच चढतं.

मिनीडिस्क म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. कॅसेट लोकांना आठवते, सीडीही आठवते. या दोघींच्या मधे आलेली ही बिचारी कोणालाच आठवत नाही. माझा प्लेअर मेव्हण्याने दुबईहून आणला होता. शर्टाच्या खिशात मावणारा, अंगाला धातूचा गारवा. डिस्क इवलीशी, चौकोनी प्लास्टिकच्या कवचात बंद, त्यामुळे ओरखडे पडायची भीती नाही. आणि मुख्य म्हणजे त्यावर रेकॉर्डिंग करता यायचं. एका बाजूने लेझर डिस्कचा ठिपका तापवतो, दुसऱ्या बाजूने चुंबक त्यावर आवाजाची खूण उमटवतो. हे मी धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्सच्या पोरांना विचारलं नसतानाही सांगत असे. प्लेअर पुढचं थोडं गाणं आधीच वाचून मेमरीत ठेवतो, म्हणून धक्का बसला तरी आवाज तुटत नाही. याची परीक्षा मी धुळे–चोपडा एसटीत मागच्या चाकावरच्या सीटवर बसून घेतली. माझा डबा सांडला, गाणं सांडलं नाही.

त्याच प्रवासात मी अक्काची गाणी रेकॉर्ड करायला निघालो होतो. श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, घरी बसली की चोपड्याच्या त्या गल्लीत गाणी उचलायची अक्काने आणि ओढायची बाकीच्या बायकांनी. मी तिला दुपारी एकटीलाच स्वयंपाकघरात बसवलं, पदराला छोटा माइक लावला आणि प्लेअर मोनोवर टाकला. मोनोत डिस्क दुप्पट वेळ चालते.

अक्का गायली खरी, पण दर गाण्याच्या आधी, नंतर आणि मध्येसुद्धा बोलत राहिली. "भाऊ, बठ्ठं त्या डबीमा जाई ऱ्हायनं का?" "थांब, ते दूध देख." "आज मना आवाज घोगरा शे." खिडकीतून जाणाऱ्या शेजारणीला तिने कोथिंबिरीचा भाव विचारला. मला तीनदा सांगितलं की मी वाळलो आहे.

मी वैतागलो होतो, पण आतून खूशही होतो, कारण मिनीडिस्कचा खरा चमत्कार पुढेच होता. कॅसेटमधून नको तो तुकडा काढायचा तर कात्री नि चिकटपट्टी लागते. इथे नेमक्या जागी थांबायचं आणि खुणेचं बटण दाबायचं, की एका ट्रॅकचे दोन होतात. मग नको तो पुसायचा. पुढचं गाणं आपोआप मागच्याला येऊन भिडतं, सांधा कळतही नाही. धुळ्याला आल्यावर चार रविवार मी हेच केलं. दूध गेलं, कोथिंबीर गेली, माझं वाळणं गेलं. अक्काच्या अहिराणीतलं 'आहे'चं 'शे' नि 'सगळं'चं 'बठ्ठं' मला तेव्हा रेकॉर्डिंगला लागलेला कचरा वाटत होतं. शहरात नोकरी लागली की घरातलं बोलणं अंगावरून झटकायची जी घाई असते, ती मलाही होती. मोकळ्या झालेल्या जागेत मी माझी निवेदनं भरली, स्वच्छ मराठीत.

हे सगळं मी विसरलो होतो.

दिलेल्या शब्दाप्रमाणे गेल्या रविवारी प्लेअर घेऊन चोपड्याला गेलो. त्याची चपटी बॅटरी केव्हाच मेली होती, पण पेन्सिल सेलवर तो कुरकुरत चालू झाला. साध्या वायरने छोट्या स्पीकरला जोडला. अक्का पलंगावर बसली. भाचेसून हात पुसत येऊन तिच्याशेजारी बसली.

"श्रोतेहो," स्पीकरमधून मी म्हणालो, "आता आपण ऐकणार आहोत कानबाईच्या स्वागताचं पारंपरिक गीत."

भाचेसून हसली. गाणं झालं. ते संपतंय तोच मी पुन्हा श्रोत्यांना हाक मारली. असं पाच-सहा वेळा झालं, तेव्हा तिने हळूच विचारलं, "मामा, आई बोलतात कधी?"

शेवटी खरं सांगून टाकलं. मी पुसलं होतं. मशीन तसं भलं आहे. पुसा म्हटलं तर ते फक्त अनुक्रमणिकेतून नाव काढतं, आवाज तिथेच पडून राहतो. त्यावर दुसरं काही रेकॉर्ड केलं तरच तो जातो. अक्काचं बोलणं जिथे होतं, तिथे आता मी होतो. मला फार लाज वाटली. स्पीकरमधला तो गृहस्थ कोणीतरी उठून बंद करावा असं वाटलं.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, तेच जास्त लागलं. डिस्क पुढे चालू होती. माझं आणखी एक निवेदन संपलं आणि गाणं सुरू व्हायच्या अगदी आधी स्पष्ट ऐकू आलं, "शे."

माझा हात तिथे चुकला असणार, खूण क्षणभर आधी पडली असणार. कुठल्या वाक्याचं ते शेपूट, मला आठवत नाही. भाचेसुनेने मला मागे न्यायला लावलं. "शे." पुन्हा. "शे." जाड, थोडा ओढलेला, समोरच्याला गप्प करणारा आवाज.

"आई, ह्या तुम्ही?"

अक्काने मान हलवली. भाचेसून तो शब्द तसाच म्हणून बघायला लागली. अक्काने हात झटकून सांगितलं, असं नाही. तिने परत म्हटला. अक्काने हनुवटी वर करून दाखवली, अजून जोरात. तिसऱ्या खेपेला जमलं. अक्का आवाज न करता हसली, सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मला खूण केली, पुन्हा लाव.