बोरनहाणात लुटलेली फौज

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे आणि प्रत्येक जागेवर चिठ्ठी. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते, तिथली ही खोड घरी आली. डाळी, औषधं, वीजबिलं, सगळं लिहिलेलं. एका डब्यावर मात्र मी सोयीचं लिहिलं होतं, 'बारीक खेळणी'. त्यात व्हिडिओ गेममधली पात्रं होती. बोटाएवढी, प्लास्टिकची. ती माझी होती, आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या मुलाने, दादूने, होस्टेलला जाण्याआधी माझ्या फोनवर एक गेम टाकून दिला होता. कंपनीची बस चिंचवडहून निघाली की मोशीच्या पुढे अडकून पडते, त्या वेळात मी खेळायला लागले. त्याने तो गेम केव्हाच सोडला, माझा चालू राहिला. मग पिंपरीच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका गाळ्यावर त्यातलीच एक भालेवाली दिसली. नकली माल. ओठांचा रंग हनुवटीवर ओघळलेला, शिरस्त्राणाचं एक शिंग आखूड. अस्सल कितीला मिळते ते मी नंतर एकदा पाहिलं आणि तो विषय तिथेच संपवला.

"मुलासाठी का, ताई?" गाळेवाल्याने विचारलं. मी हो म्हटलं. पुढे धनुर्धारी आला, कोल्ह्याच्या कानांची जादूगारीण आली, आणि कुणीही विचारलं की मी हो म्हणत गेले. नवऱ्याला, बसमधल्या बायकांना, सासूबाईंना. या वयात हे कशासाठी, ते समजावून सांगायला अंगात त्राण लागतं. माझं ते शिफ्टमध्येच संपतं.

या संक्रांतीला नणंदेच्या बाळाचं बोरनहाण आमच्याकडे करायचं ठरलं. कामं मी वाटून दिली. बोरं, उसाचे करवे आणि चुरमुरे मी आणून ठेवले, गोळ्या-चॉकलेटं नणंदेकडे. ठरलेल्या रविवारी नेमका स्टोअरचा माल मोजायला कंपनीने बोलावलं. सासूबाईंचा फोन आला की सोसायटीतली पोरं बरीच येणार, परात भरल्यासारखी दिसत नाही, अजून काय घालू? माझ्यासमोर बेअरिंगच्या पेट्यांचा ढीग होता. म्हटलं, कपाटात बघा, चिठ्ठ्या वाचा, सगळं सापडेल.

मी दारात पोचले तेव्हा पाट मांडलेला होता. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेलं बाळ मधोमध, आणि नणंद त्याच्या डोक्यावरून मापाने ओतत होती. बोरं पडली, करवे पडले, चुरमुऱ्यांबरोबर माझा धनुर्धारी पडला. पोरं तुटून पडली. एकाच्या मुठीतून कोल्ह्याचे कान बाहेर आलेले मला दिसले. मी चपला न काढता उभी होते.

सासूबाई खुशीत होत्या. म्हणाल्या, लेकराचं जुनं सामान पडूनच होतं, कामाला आलं.

तेवढ्यात बाळाने समोरची भालेवाली उचलली आणि भाल्याचं टोक तोंडात घातलं. मी पुढे जाऊन ती काढून घेतली. बाळाने भोकाड पसरलं. नणंद म्हणाली, "वहिनी, असू दे ना त्याला. दादूची तर आहे, तो काय आता खेळणार आहे?"

भाला घशात जाईल, एवढं सांगून भागलं असतं. ते खरंही होतं.

"दादूची नाही," मी म्हटलं. "माझी आहे."

"तुझी म्हंजे?" सासूबाईंनी विचारलं.

"मी विकत घेतली. डब्यातली सगळीच. तो गेम मी खेळते, बसमध्ये."

शेजारच्या बाई परातीकडे बघायला लागल्या. नणंद हसली, मग माझं तोंड पाहून थांबली. सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. "तूच लिवलंस की वर, खेळणी म्हणून," त्या म्हणाल्या. "आन् लुटलेलं लेकरांकडून माघारी मागत नसतेत."

दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. मी भालेवाली ओट्यावर ठेवली, पाय धुतले आणि सगळ्यांना तिळगूळ दिला. पोरं खिसे फुगवून गेली. धनुर्धारी तिसऱ्या मजल्यावर गेला असावा, जादूगारीण कुठे ते कळलं नाही. कुणाच्या दाराशी मी गेले नाही. खरं सांगायचं तर जिने चढायचाच कंटाळा होता.

संध्याकाळी नणंद बाळाला घेऊन गेली, नवरा खुर्च्या परत द्यायला गेला. मी चुरमुरे झाडत होते. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून भालेवालीला बोटाने उलटसुलट करत होत्या.

"ही काय करती गं?"

"वेशीवर पहारा देते."

"एकलीच?"

"हो. बाकीचे आत असतात."

"आन् बसती कवा?"

मी म्हटलं, तिला बसता येत नाही, गुडघे वळत नाहीत, तशीच बनवली आहे.

"मंग दमत असल," त्या म्हणाल्या. त्यांनी साखरेचा डबा जरा सरकवला आणि तिला भिंतीला टेकवून उभी केली. मी केर सुपलीत भरला आणि कुकर लावला.