व्हर्ना मावशीच्या दातांतली फट

“डॉक्टर, तुम्ही माझी मावशी घालवलीत,” रे खुर्चीत बसता बसता म्हणाला.

२००५च्या जानेवारीतला सोमवार. आदल्याच आठवड्यात मी त्याला वरच्या दातांची नवी कवळी बसवून दिली होती. आपल्या तोंडाने सांगू नये, पण सुरेख झाली होती. मी त्याला तोंड उघडायला लावलं. कुठे टोचत नव्हतं, हिरडी लाल नव्हती, खालचे-वरचे दात बरोबर टेकत होते. यात मावशी कुठून आली, ते मला कळेना.

रे मिनेसोटाच्या उत्तरेकडचा ओजिब्वे, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी. वय पंचावन्नच्या आसपास. तिकडच्या रिझर्वेशनवर, जमातीच्या राखीव जमिनीवर, तो वाढला. काही वर्षं कारखान्यात काढली, मग मिनिआपोलिसच्या बारमध्ये उभा राहून विनोद सांगायला लागला आणि तिथून रेडिओवर गेला. सुरुवातीला त्याच्याकडे निधनवार्ता आणि बिंगोचे निकाल वाचायचं काम होतं. लोक निधनवार्ता ऐकूनही हसायला लागले, तेव्हा मॅनेजरने घाबरून त्याला स्वतःचा शो दिला. आता रोज सकाळी जमातींच्या छोट्या छोट्या स्टेशनांवर तो लागायचा. मुलगी ईडन प्रेरीत राहायची, म्हणून दातांसाठी तिथल्या आमच्या क्लिनिकमध्ये यायचा.

शोमधलं सगळ्यांचं लाडकं पात्र म्हणजे व्हर्ना मावशी. ती हवामान सांगायची. “आज उणे वीस आहे. शेजाऱ्याशी भांडू नका. तुमची गाडी सुरू झाली नाही, तर बॅटरीला जोडायची जंपर केबल त्याच्याकडेच आहे.” ही व्हर्ना खरोखरची होती. आई लवकर गेल्यावर रेला तिनेच वाढवलं. ती होती तोवर तो तिला चिडवायला तिच्या आवाजात बोलायचा. ती गेल्यावर तोच आवाज त्याने रेडिओवर चालू ठेवला, आणि तिला ओळखणारी म्हातारी माणसं त्या पाच मिनिटांसाठी हातातलं काम सोडून बसायची.

“आता तो आवाज येतच नाही,” रे म्हणाला. “पहिल्या दिवशी फोन आले, मावशीला सर्दी झालीय का म्हणून. तिसऱ्या दिवशी फोन यायचे बंद झाले. मॅनेजर म्हणतो, मावशीला रिटायर करू या.”

मला मिरच्या झोंबल्या. नागपूरला डेंटिस्ट झालेली बाई इथे येऊन पुन्हा दोन वर्षं शिकते, ती हे ऐकायला नव्हे. मी त्याला ‘सिक्स्टी-सिक्स’ आणि ‘मिसिसिपी’ म्हणायला लावलं. कवळीची ही नेहमीची परीक्षा. ‘स’ म्हणताना जीभ टाळूजवळ जाते आणि मधल्या बारीक वाटेने हवा सुटते. वाट चुकली की माणूस बोबडा तरी बोलतो, नाहीतर शीळ तरी घालतो. रेचा ‘स’ स्वच्छ होता. जिभेला सवय व्हायला महिना लागेल, असं मी त्याला ठासून सांगितलं.

त्याने वाद घातला नाही. खिशातून एक सीडी काढून माझ्या हातात दिली. आमच्या जेवणाच्या खोलीतल्या प्लेयरवर आम्ही ती ऐकली. आधी त्याचा जुना शो, मग घरच्या कुठल्याशा वाढदिवसाचं रेकॉर्डिंग, त्यात खरी व्हर्ना. दोघांच्याही प्रत्येक ‘स’ला एक बारीक शीळ होती. मी विचारलं, मावशीच्या पुढच्या दोन दातांत फट होती का? होती, म्हणाला. आणि जुन्या कवळीच्या? तिच्याही होती. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत केली होती. ती आता दाखवता येणार नव्हती, कारण ती कुत्र्याने चावून टाकली होती. म्हणून तर तो माझ्याकडे आला होता.

तेव्हा मी त्याला खरं ते सांगितलं. हा आवाज तो एकटा काढत नव्हता, कवळीही काढत होती.

“म्हणजे इतकी वर्षं माझं जे कौतुक झालं, ते कवळीचं?”

“अर्धं,” मी म्हटलं.

कवळीत मुद्दाम फट पाडायची म्हटल्यावर क्लिनिकचे मालक डॉ. एरिक मुळीच खूश झाले नाहीत. “आपण चांगलं काम मुद्दाम बिघडवत नाही. रेकॉर्डमध्ये काय लिहिणार?” मी म्हटलं, “त्याच्यासाठी हे चांगलं काम झालेलंच नाही.” शेवटी म्हणाले, पेशंटची सही घे.

शुक्रवारी रे आला तो डॉरीनला घेऊन. ही व्हर्नाची धाकटी बहीण, ऐंशीची. रेचे नवे दात आल्यापासून तिने रेडिओ लावणंच सोडलं होतं. चार तास गाडीत बसून आली होती आणि माझ्यावर रागावलेली होती. मी तिला शेजारी बसवलं आणि फक्त ऐकायला सांगितलं.

कवळीचं प्लास्टिक एकदा घासलं की गेलं. म्हणून मी केसभर केसभर घासत होते. पुढच्या दोन दातांमध्ये पातळ चकती फिरवली, त्यांच्या मागे टाळूच्या बाजूला एक बारीक चर काढला. रेने कवळी लावून हवामान सांगितलं. डॉरीन डोळे मिटून म्हणाली, “ही कोण बाई?” पुन्हा घासलं. “ही चर्चमधली कुणीतरी.” तिसऱ्यांदा तिने नुसती नकारार्थी मान हलवली. यापुढे चुकलं असतं तर नवी कवळीही गेली असती आणि व्हर्नाही.

पाचव्या वेळी रे म्हणाला, “आज उणे सोळा. स्वेटर घाला, स्टाइल नंतर करा.”

डॉरीनने डोळे उघडलेच नाहीत. शांतपणे म्हणाली, “व्हर्ना, माझा निळा कोट कुठे ठेवलास?”

रे क्षणभरही थांबला नाही. व्हर्नाच्या आवाजात म्हणाला, “तुला तो कधी शोभलाच नाही.”

डॉरीन हसता हसता रडायला लागली. मग रे रडला. मीही रडले, तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं.

सोमवारपासून व्हर्ना मावशी पुन्हा हवामान सांगायला लागली. मॅनेजरने रिटायरमेंटचा विषय काढला नाही. मी रेकॉर्डमध्ये लिहिलं: उच्चारासाठी अ‍ॅडजस्टमेंट, पेशंट समाधानी. डॉ. एरिकनी रेकॉर्डमधला कवळीचा फोटो पाहून विचारलं, “ही फट दिसते ना?” मी म्हटलं, “दिसू दे.”

तेव्हापासून कवळीचं माप घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, या दातांनी तुम्ही काय काम करता? बहुतेक जण माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात आणि म्हणतात, जेवतो.