नेम

सोलापूरच्या उन्हात मी रोज ज्याच्याकडे उसाचा रस पितो, त्या माणसाचं डोकं गाड्याच्या ताडपत्रीला टेकतं. तेवढ्या जागी ताडपत्रीला कायमचा फुगवटा आलाय. ऊस पिळून झाला की चिपाड तो न बघता खांद्यावरून मागे भिरकावतो आणि ते बरोब्बर दहा पावलांवरच्या पिंपात पडतं.

"हे कुठं शिकलात?" मी एकदा विचारलं.

"बास्केटबॉल. पगारी खेळाडू हुतो की. मग जेलात गेलो."

मला ठसकाच लागला. "काय केलं होतंत?"

"फायनल हरायचं पैसं घेतलं. शेवटचा चेंडू चुकवायचा, एवढंच काम. पण हातानं ऐकलं न्हाय, गेला आत! लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं. तेवढ्यात पैसं देणारी मानसं मारायला आली, पोलीस आले, सगळं भाईर पडलं. चुकवायचापण सराव लागतो, साहेब. त्यो कुनी घेतलाच न्हाय."

परवा मी पिंपाजवळ स्कूटर लावत होतो. चिपाड थेट माझ्या पांढऱ्या शर्टावर आलं. मी भडकून वळलो, पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. उजवा हात डोळ्यांसमोर धरून तो त्या हातालाच झापत होता, "आता? आता चुकून काय उपेग, गाढवा?"