वाळूवर पिळलेलं लिंबू

शोभेच्या माशांच्या दुकानातल्या वाळूवर मी लिंबू पिळलं, तसा दुकानदार हसला. "काका, वाळू ती वाळू. एवढं कोण बघतं?"

"मी बघतो."

वाळूत शिंपल्यांचा चुरा असला की लिंबाने फेस येतो. टाकीत तो चुरा गुपचूप विरघळत राहतो. पाणी नितळ दिसतं, पण माशांना सोसत नाही. हे मला आमच्या टाकीतले मासे मेल्यावर कळलं. समुद्रावरची वाळू मीच आणून घातली होती. नऊ वर्षांच्या लेकीला मात्र म्हणालो, "तू फार खायला घातलंस." माझं खोटंही तिच्यात तसंच विरघळलं.

वीस वर्षांनी, गेल्या रविवारी, फोनवर तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कुणाला पोटभर वाढताना मी अजून बिचकते."

आता नव्या टाकीसाठी लिंबाने फेस न आलेली वाळू धुतोय. बायको म्हणते, "तांदूळ कधी एवढे धुतले नाहीत." हसू दे. माफी मिळावी म्हणून मी हे करत नाही. दिवाळीला लेक येईल, तेव्हा माशांना तीच खायला घालील, हवं तेवढं. उरलेलं मी उपसून काढीन.