ओपिचीच्या गोष्टीचा शेवट

अँब्रोज वाबूझकडून गोष्ट काढून घेणं सोपं नव्हतं. आधी कापडात बांधलेला चिमूटभर तंबाखू त्याच्यापुढे ठेवायचा. मग तो खुर्चीतून उठणार, खिडकीशी जाणार, बाहेर बर्फ आहे याची स्वतः खात्री करून घेणार आणि तेव्हा कुठे तोंड उघडणार. जुन्या गोष्टी जमिनीवर बर्फ असेपर्यंतच सांगायच्या, हे सरोवराकाठच्या आमच्या मूळनिवासी वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. काटेकोर पाळायचा मात्र तो एकटाच. एकदा नोव्हेंबरात शाळेच्या बाई मुलांना घेऊन आल्या, तर बर्फ फक्त छपरावर होता. "छपरावर कोण राहतं?" असं म्हणून त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

लाकडाच्या गिरणीत एकतीस वर्षं काढली त्याने. करवतीने डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली, तेव्हा त्याचं व्हायोलिन सुटलं. त्याआधी वस्तीतली लग्नं असोत, नाच असोत, सभागृहाच्या कोपऱ्यात अँब्रोज पाय आपटत वाजवायचाच. मग ते व्हायोलिन क्लेटनकडे गेलं. क्लेटन त्याचा एकुलता एक. आई लहानपणीच गेलेली. बापाने आणि फिलोमिन आत्याने वाढवलेला. नऊ वर्षांच्या पोराला बाप स्वयंपाकघरात उभा करायचा आणि म्हणायचा, अजून एकदा. बॅनकची पोळी तव्यावर करपायला लागायची, तरी अजून एकदा. फिलोमिन वैतागून म्हणायची, पोराला जेवू तरी दे. पण पोरगं हुशार निघालं. शहरातल्या संगीत महाविद्यालयात गेलं, व्हायोलिन सोडून त्याहून जरा मोठा, खालच्या आवाजाचा व्हायोला वाजवायला लागलं, चार जणांच्या चौकडीत बसायला लागलं. वाबूझचा पोरगा गळ्यात टाय बांधून वाजवतो म्हणून वस्तीत चेष्टा व्हायची. अँब्रोजला ती चेष्टा फार आवडायची.

ओपिचीची गोष्ट क्लेटनची लाडकी. वयात येताना मुलं वाट दाखवणाऱ्या स्वप्नासाठी उपास करतात; एका बापाला वाटतं, आपल्या मुलाने तो सगळ्यांपेक्षा जास्त दिवस करावा, म्हणजे त्याला सगळ्यांपेक्षा मोठं स्वप्न पडेल आणि तो मोठा वीर होईल. मुलगा झोपडीत पडून असतो. नवव्या दिवशी म्हणतो, बाबा, मला सोडा, मला खायला द्या. बाप म्हणतो, थोडं थांब. दहाव्या दिवशी तेच, अकराव्या दिवशी तेच. बाराव्या दिवशी बाप जेवण घेऊन येतो, तर मुलगा छातीला तांबडा रंग लावत बसलेला असतो. बाप हाक मारतो आणि मुलाचा पक्षी होतो, तांबड्या छातीचा ओपिची. झोपडीच्या वरच्या दांड्यावर बसून तो बापाला काहीतरी बोलतो आणि उडून जातो. या गोष्टीवर क्लेटन चार वाद्यांसाठी रचना करत होता. त्यात शब्द नव्हते, गाणं नव्हतं, नुसत्या तारा.

मे महिन्यात त्याचा फोन आला. सरोवरावरचा बर्फ फुटून आठवडा झाला होता. अँब्रोज दारात बसून मासे धरायचं जाळं विणत होता.

"बाबा, ओपिची शेवटी बापाला काय म्हणतो, सांगा ना," क्लेटन म्हणाला.

"बर्फ कुठाय?"

"शेवटचा भाग अडलाय माझा."

"अडू दे. आणि तंबाखू काय फोनमधून पाठवणारेस? थोडं थांब. बर्फ पडला की ये, सांगतो."

क्लेटन जरासा हसला. मग म्हणाला, "बरं, दुसरं काहीतरी बोला."

"दुसरं काय बोलू? जाळं अर्धं राहिलंय माझं."

अँब्रोजने फोन ठेवला. पोराला नियमाची आठवण करून दिली म्हणून त्याला बरंच वाटलं होतं. जूनच्या सात तारखेला क्लेटन शहरातल्या नदीत सापडला. पाय घसरला असेल, असं पोलीस म्हणाले. तो एकटा होता, त्यामुळे कोणालाच काही सांगता आलं नाही.

त्या दिवसापासून अँब्रोजच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. मी शेवट सांगितला असता तर त्याचं काम पुरं झालं असतं, काम पुरं झालं असतं तर तो तिथून निघून घरी आला असता. दोन ओळींचा शेवट, तो मी बर्फासाठी अडवून धरला. फिलोमिनला तो हे इतक्यांदा म्हणाला की तिने कानावर हात ठेवले. त्या हिवाळ्यात त्याने एकही गोष्ट सांगितली नाही. मुलांनी आणलेला तंबाखू त्याने परत केला. असं आमच्यात कोणी करत नाही.

जानेवारीत चौकडी आली. चेलो वाजवणारी आइनो त्यांची पुढारी. फिनिश आजोबांची नात, ही शहरातली मुलगी क्लेटनच्या वर्गातली. क्लेटनच्या जागी त्यांनी दुसरा वादक घेतला होता. रचना आहे तेवढी, शेवटाशिवाय, त्याच्या गावात वाजवायची होती. आइनोने अँब्रोजच्या टेबलावर तांबड्या कापडात बांधलेला तंबाखू ठेवला. गाठसुद्धा बरोबर बांधली होती. कोणी शिकवलं असेल ते उघड होतं. अँब्रोज खिडकीशी गेला. बर्फ काचेच्या निम्म्यापर्यंत आला होता. त्याने तंबाखू उचलून खिशात घातला.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. अँब्रोज पुढे उभा राहिला आणि म्हणाला, "हा शेवट माझ्या मुलाने मागितला होता. मी दिला नाही. आज देतो." मग त्याने गोष्ट सांगितली, आजीने सांगितली होती तशी, शब्द न बदलता. ओपिची दांड्यावरून म्हणतो, बाबा, रडू नका. तुम्हाला हवा होता तसा वीर मला होता आलं नाही. पण मी माणसांच्या घरांजवळ राहीन, दरवर्षी बर्फ गेला की येईन आणि गाईन. सांगून झाल्यावर अँब्रोज खुर्चीत बसला. त्याला थोडं हलकं वाटलं. उशिरा का होईना, दिला एकदाचा.

मग त्यांनी वाजवलं. व्हायोलिनवर आमच्याच सभागृहातली नाचाची चाल होती, पण इतकी सावकाश की पहिल्यांदा कोणी ओळखली नाही. व्हायोला काहीतरी मागत होता, हळूहळू क्षीण होत. दर वेळी चेलो त्याला त्याच चार सुरांत उत्तर द्यायचा. नऊदा, दहादा, अकरादा. ते चार सूर अँब्रोजने ओळखले. स्वयंपाकघरात तो "अजून एकदा" म्हणायचा, तसेच ते पडत होते. मधेच संगीत थांबलं. चौघांनी गज मांडीवर ठेवले. टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणालाच कळेना.

नंतर चहा झाला. आइनो त्याच्या शेजारी येऊन बसली. तिला त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं होतं.

"काका, तुम्ही अगदी क्लेटनसारखी सांगता. शेवट तर शब्दन् शब्द तोच. गेल्या हिवाळ्यात आमच्या तालमी चालायच्या ना, तेव्हा बर्फ पडला की सांगायचा. चार-पाचदा तरी ऐकली आम्ही."

अँब्रोजने कप खाली ठेवला.

"शेवट? पक्षी काय बोलतो ते?"

"हो. तोंडपाठ होता त्याला."

"मग मला फोन कशाला केला होता त्याने?"

आइनोला कुठला फोन हे ठाऊक नव्हतं. "दुसरं काहीतरी बोला, म्हणाला होता," असं म्हणून अँब्रोज उठला आणि कोट न घालताच बाहेर गेला. फिलोमिन कोट घेऊन त्याच्या मागे धावली.

मे महिन्यात ओपिची आले. एक अँब्रोजच्या कुंपणावर येऊन बसला आणि गायला लागला. "दादा, बघ तरी कोण आलंय," फिलोमिन म्हणाली. त्याने पाहिलं.

"पक्षी आहे तो," अँब्रोज म्हणाला आणि आत निघून गेला.

जाळं अजून दाराजवळच्या खुंटीला तसंच अर्धं लटकतंय.