दाताखालची तूर

चहाच्या रांगेत सगळे एकमेकांना व्हिजिटिंग कार्ड देत होते. माझ्याकडे फक्त बायोडेटाच्या चार प्रती होत्या आणि चारही प्रतींत दीड वर्षाची जागा रिकामी होती.

कलबुर्गीच्या एका हॉटेलात अन्नप्रक्रिया उद्योगातल्या लोकांचा नेटवर्किंगचा कार्यक्रम होता. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. बिदरच्या एका लॅबमध्ये चार वर्षं काम केलं होतं. मग अप्पांना, माझ्या वडिलांना, तोंडाचा आजार झाला, मी नोकरी सोडून ठाणाकुशनूरला घरी आले. अप्पा गेले, त्यांची समाधी बांधून झाली. नंतर तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. तिन्हीकडे एकच प्रश्न: "या काळात काय करत होतात?" मी म्हणायचे, "घरी होते." पुढे कोणी विचारायचं नाही.

त्या दिवशी एका डाळ मिलच्या क्वालिटी हेड बोलणार होत्या. सुमंगला मॅडम. मी मागच्या खुर्चीत बसून होते. त्या स्लाइड वगैरे न दाखवता बोलल्या. मूल लहान असताना तीन वर्षं सासरी होत्या, छतावर तूर वाळवायच्या.

"ती वर्षं मी बायोडेटात लपवायचे," त्या म्हणाल्या. "एका मालकांनी विचारलं, ढगाळ दिवसात तूर कशी वाळवाल? मी सांगत गेले. अर्ध्या तासानं ते म्हणाले, हे कागदावर कामून न्हाई लिहिलं?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मला अप्पा आठवले.

अप्पांनी भालकीच्या एका अडत दुकानात आयुष्यभर माल पारखला. तूर दाताखाली धरायची. वाळलेला दाणा कट्ट वाजून फुटतो, ओला दाणा आवाज न करता दबतो. ओली तूर पोत्यात बुरशी धरते आणि मिलमध्ये नीट फुटत नाही, म्हणून ओलावा आधी बघतात. आजारात अप्पांना चावता येईना, तरी ओळखीचे व्यापारी रुमालात मूठभर तूर बांधून घरी यायचेच. मग अप्पा दाणा माझ्या हातावर ठेवायचे. "चाव. वाजलं का न्हाई? पुन्ना चाव." ते डोळे मिटून ऐकायचे. मी चुकले की मान हलवायचे. शेवटी शेवटी मान हलेनाशी झाली. मीही फार चुकत नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर मॅडमशी बोलायचं धाडस झालं नाही. बसमध्ये बायोडेटा काढला आणि रिकाम्या जागेत पेनाने लिहिलं: "वडिलांची सेवा. तुरीचा ओलावा दाताने ओळखणे, वडिलांच्या हाताखाली." लिहून लाज वाटली, पण खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी फोटो काढून कार्यक्रमाच्या पत्रकावरच्या पत्त्यावर मॅडमना मेल केला.

आठवड्यात बोलावणं आलं. मिलच्या लॅबमध्ये वीरेशअण्णा नावाचे जुने ऑपरेटर मॉइश्चर मीटर घेऊन बसले होते. मीटरच्या डब्यात दाणे घालायचे, धान्याचं बटण दाबायचं, ओलाव्याचा आकडा दिसतो. गेटवर तुरीचा एक ट्रक उभा होता. त्याचं सॅम्पल मीटरवर पास झालं होतं.

मॅडमनी त्याच सॅम्पलची वाटी माझ्यापुढे सरकवली. "चावा."

मी एक दाणा चावला. आवाज नाही. वाटीच्या तळातला दुसरा घेतला. तोही दबला.

"ओली आहे, मॅडम."

"मशीन पास म्हणायलंय," अण्णा हसले, "आन ह्या चावायल्यात! बोरं हायती का?"

"अण्णा, ओव्हनमध्ये लावा," मॅडम म्हणाल्या.

ओव्हनची पद्धत संथ पण भरवशाची. दाणे दळून वजन करायचं, तापवायचं, पुन्हा वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं पाणी. तेवढा वेळ मी बाकावर बसून होते. चुकले असते तर चौथा नकार एवढंच झालं नसतं. अप्पांनी शिकवलेलं शेवटचं काम मला जमत नाही, असं ठरलं असतं.

अण्णांनीच येऊन सांगितलं. "ओलीच हाय." मग जरा खालच्या आवाजात, "सकाळी हरभरा लावला होता. बटन हरभऱ्यावरच ऱ्हायलं." हरभऱ्याच्या बटणावर तुरीचा आकडा चुकतोच.

ट्रक बाजूला लावून माल वाळवायला काढला. मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून या. आणि दात सांभाळा, आता ते मिलच्या कामाचे आहेत."

गेटबाहेर येऊन आईला फोन लावला.

"ठिवून घेतलं का?"

"व्हय."

"समाधीवर जाऊन अप्पाला सांगून येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. दातावर माल पास करू नये, त्यासाठी ओव्हन आहे. दाताचं काम शंका घेण्याचं. लॅबमध्ये नवीन कोणी आलं की मी दोनच गोष्टी सांगते. मीटर लावण्याआधी बटण कोणत्या धान्यावर आहे ते बघा. आणि बायोडेटात घरची वर्षं रिकामी सोडू नका.