आगळाच्या बरणीचं झाकण

इस्पितळात शेवटचं भेटलो तेव्हा माझी बायको आगळाबद्दल, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाबद्दल, बोलली. "यंदाचा आगळ मोठ्या बरणीत आसा. झाकण घट बसलाहा. जोर लावू नकात." मी म्हटलं, "गप पड, दम लागतो तुला." हेच माझं तिच्याशी शेवटचं बोलणं... दुसऱ्या दिवशी गेली. सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेला फिटर, लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट जन्मभर दाबून ठेवली, ती आता तरी सांगितली पाहिजे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. आमच्या लग्नाला तीन महिने झालेले, काळाचौकीला एक खोली. मी बंदरावरच्या दारूखाना भागात लाँचच्या इंजिनांचं काम करायचो. इंजिनाच्या ओतीव बिडाच्या भागांत स्टड बसवलेले असतात, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट. खाऱ्या पाण्यानं ते असे गंजतात की बिडाशी एकजीव होतात. माझ्या अंगात तेव्हा मस्ती. पान्याला पाईप अडकवून लोंबकळलो आणि स्टड तोडला. बोटभर खुंट वर राहिला. मिस्त्री भडकला. "रेड्या, ड्रिल वाकडं गेलं तर अख्खा तुकडा भंगारात, आणि नवा मिळत नाही. उद्या हरताळ आहे. परवा खुंट काढून आण, नाहीतर तोंड दाखवू नकोस." तो तुकडा गोणपाटात गुंडाळून घरी आणला.

हरताळाच्या दिवशी सकाळपासून मी खुंटावर हातोडा घालत होतो. खाली गल्लीत 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या घोषणा चाललेल्या. नोकरी गेली तर हिला परत मालवणला धाडावं लागणार, एवढंच डोक्यात. ती चूल सोडून जवळ आली. "तेका मारतास कित्याक? चोर आसा तो? भायर झालाच पाहिजे, घरात निघालाच पाहिजे!" मी खेकसलो, "हे बायकांचं काम नाही." तिनं फळीवरची आगळाची बरणी आणून समोर ठेवली. आगळातल्या मिठानं पत्र्याचं झाकण गंजून धरायचं, तिची आई ते तापवून, मेणबत्ती घासून काढायची. मग तिनंच स्टो पेटवला. मी खुंट तापवायला गेलो तर म्हणाली, "तेका नको, भोवतालचा तापवा." तापलेल्या बुडाशी तिनं मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं, जसं तहानलेलं माणूस पाणी पितं. मी पाना लावला. "आधी घट करा." म्हटलं, "काढायचाय, आवळू कशाला?" "आवळा तर खरे." केसभर आवळला. कट्ट आवाज आला. मग केसभर मागे, परत मेण, परत पुढे. दुपारच्या चहाला खुंट आट्यांसकट बाहेर आला. तिनं तो पदरात धरला, पदर काळा झाला आणि आम्ही दोघं येड्यासारखे हसत सुटलो.

मिस्त्रीनं विचारलं, "कुणी शिकवलं रे?" मी म्हटलं, "कुणी नाही, डोकं चालवलं."

तेव्हापासून दारूखान्यात माझं नाव मेणवाला. कुठल्याही लाँचवर स्टड तुटला की मला बोलावणं. निवृत्तीच्या समारंभात माझ्या डोक्याचं कौतुक झालं, तेव्हा ही पहिल्या रांगेत नारळ धरून बसली होती. तरी कुणाला बोलली नाही. घरी मात्र म्हणायची, "मेणवाल्यानू, च्या घेतास?" ... त्या हाकेत टोमणा होता की माया, मी कधी विचारलं नाही. तो स्टड तिनं काढला होता, मी नाही.

गेल्या आठवड्यात सुनेला सोलकढी करायची होती. ती आगळाच्या मोठ्या बरणीच्या झाकणाला सुरी लावायला निघाली. म्हटलं, थांब. झाकणाची कड तापवली, मेण फिरवलं, फडकं घेऊन झाकण धरलं. आधी आवळायचं. पण बायकोनं शेवटचं आवळलेलं झाकण आणखी आवळायला हात धजेना, आणि सैल करायला तर नाहीच.

बरणी पुसून फळीवर ठेवली. सुनेला म्हटलं, आगळ बाजारातून आण.